संमतीपत्र

तामातावला बंदरामागे, लवंगांच्या गोदामाला लागून
मादाम लेओंगचं दुकान.
मी फॉर्म पुढे सरकवला: नाव, जन्मस्थळ,
स्थलांतराचं वर्ष.

"स्थलांतर आजोबांनी केलं," ती म्हणाली,
"मी नुसता गल्ला सांभाळते."
आणि फॉर्मवर तांदळाचं माप ठेवलं,
दुधाचा रिकामा डबा,
वाऱ्याने कागद उडू नये म्हणून.

दारातली पोरं तिला सिनुआ म्हणतात
आणि मला कराना.
पहिले काही दिवस मी समजावत होते,
मी त्यातली नाही, मी सातारची.
आता ओ देते.

लायडनहून सरांचा मेल: मुलाखती पोचल्या का?

चाळीस मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, सर.
फ्रिजची घरघर, चिल्लर,
सून वुआहांगी कुणावर तरी ओरडतेय,
मापाने मोजलेले सात डबे तांदूळ, आठवा उधारीवर.
एकतिसाव्या मिनिटाला तिचा आवाज,
कँटोनीज नाही, फ्रेंच नाही, साधी मालागासी,
तेवढी मला येते:
तुझ्यासाठी तिकडे
कोण जेवायचं थांबतं?

त्यानंतर बराच वेळ नुसता फ्रिज.

टंकलेखनात तिथे लिहिलंय मी:
प्रश्न अस्पष्ट.