नाव, जन्मतारीख

डंडीला नोव्हेंबरात साडेतीनलाच अंधारतं.
टे नदीवरचा वारा माझ्या तळघरातल्या खिडकीला
नखं घासत बसतो.

दर बारा आठवड्यांनी डॉक्टर इशबेल गेडिस येते,
बाही वर करते.
नऊ वर्षं ओळखते मी तिला,
तिच्या म्हाताऱ्या कुत्र्याची खोडी, तिच्या भावाचं पिणं,
तरी विचारते:
नाव? जन्मतारीख? ओळखपत्र?
आणि फोटोतली बाई खुर्चीतल्या बाईशी ताडून पाहते,
सराफ नाणं वाजवून बघतो तशी.

एकदा म्हणाली, "आण इकडे, मीच काढते.
शिरा मला तुझ्याहून बऱ्या सापडतात."
मी म्हटलं, साऱ्या गावाचं काढा,
स्वतःचं तेवढं नाही.

तिच्या रक्तात जुनी कावीळ आहे, गोळीनं निजवलेली.
कुठून आली, तिलाही ठाऊक नाही.
आकडा दोनशेच्या आत असेल तर सुरी हातात,
वर गेला तर सुरी ट्रेमध्ये
आणि ती नुसतीच काचेपलीकडे.

मार्चमध्ये ओटीपोटाच्या तळाशी,
जिथं नजर पोचत नाही,
सुईचं टोक आणि बोटाचं टोक एकमेकांना चाचपत जातात,
तिथं वरचा पांढरा हातमोजा फाटला.
आतला हिरवा दिसला.
मग हिरव्यावर लाल.

कुणी पाहिलं नव्हतं.
भूलवाला पडद्याकडे बघत होता,
नर्स गाठी मोजत होती.
मोजे बदलून पुढचा टाका घालता आला असता.

ती म्हणाली, मोठ्यानं म्हणाली,
"थांबा. मला टोचलंय.
माझं रक्त आत गेलं असणार."

त्या दुपारी ती वेळ न ठरवता आली,
थिएटरातल्याच रबरी चपला घालून.
मी नाव विचारलं. सांगितलं.
जन्मतारीख विचारली,
तर भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत राहिली
किती तरी वेळ.

आकडा चाळीस आला.
चाळीस म्हणजे शून्य नव्हे.

एल्स्पेथ रेनी शुद्धीवर आल्यावर
गेडिसनं स्वतः खुर्ची ओढून तिला सगळं सांगितलं.
मग सहा महिने रेनीबाई माझ्याकडे,
पिशवीत विणकाम, तोंडात पेपरमिंट.
शेवटची बाटली भरताना म्हणाली,
"त्या डॉक्टरीणबाईचं बोट बरं झालं का गं?"

मला सांगायची परवानगी नव्हती.
मी बोळा दाबून धरला,
आणि लेबल चिकटवण्याआधी
पुन्हा एकदा
तिचं नाव विचारलं.