सत्त्याऐंशी नंबर

निवृत्ती घुग्यांची जीप येलदरीच्या चढावर
महिन्यात तिसऱ्यांदा उकळली,
तेव्हा ते पाण्याच्या दोन कॅन अन् नऊ पाशिंजरांसकट
औंढा रोडला आमच्या दुकानात आले.
"मिस्तरी कुठंयत?"
मी बॉनेटखालून डोकं काढलं.
"उस्ताद नमाजाला गेलेत. मिस्तरी मीच."
ते जरा थांबले. मागं बघितलं, पुढं बघितलं.
"तापूलाली बगा," म्हणाले,
जणू मला वास येत नव्हता.

डॅशबोर्डवरचं बटण काकवीसारखं ओघळलेलं.
कुणीतरी, जिंतुरातलंच, नाव नाही घेत,
पंख्याची सगळी ओढ त्या बटणातून नेलेली
शिलाईच्या दोऱ्याएवढ्या वायरीनं.
वीस अँपिअर!
पोराच्या डोक्यावर सोयाबीनचं कट्टं.

पहिल्याच वर्षी उस्ताद वहीद मला म्हणाले होते,
"गंगासागर, बटन का काम बोलने का है.
उठाने का नइं."
मी तेव्हा वहीत लिहून घेतलं
आणि त्याच आठवड्यात एक हॉर्न जाळला.

पेटीतून रिले काढला.
काडेपेटीच्या अर्ध्याएवढा, काळा, चार पायांचा.
पंच्याऐंशी, शहाऐंशी: इथं नुसती कुजबुज.
तीस: इथं बॅटरी येते, आधी फ्यूजच्या हाताखालून,
जाड लाल वायरीनं, घरची मोठी सून आल्यासारखी.
सत्त्याऐंशी: पंखा.
आत तांब्याचं वेटोळं, वर एक पत्ती,
दोघांत केसाएवढं अंतर.
कुजबुज पोचली की अंतर मिटतं.
टिक.

रेडिएटरच्या बुडाशी पितळी स्विच बसवला,
ब्याण्णव डिग्रीला जोडणारा,
सत्त्याऐंशीला सोडणारा.
पंखा ज्या नंबरावर उठतो
त्याच आकड्यावर झोपतो.
उस्तादांना हे फार आवडायचं.
कंपनीवाल्यांना ठाऊक तरी असंल का, विचारायचे.

पंखा नांदेडच्या भंगारातला, मारुती व्हॅनचा,
वायरींचे रंग उडालेले.
निळी की काळी? निम्मा अंदाज, निम्मं नशीब.
बॅटरीला थेट लावून बघितला. फिरला.
लेकीच्या वहीचं पान जाळीपुढं धरलं,
भागाकाराचं, बाकी तीन.
पान जाळीला चिकटायला हवं होतं.
ते उडालं अन् घुग्यांच्या खांद्यावरच्या दस्तीवर जाऊन बसलं.
पाशिंजर हसले. मीही हसले, काय करता.
उलटा फिरत होता, सगळी झळ रस्त्यावर ओकत.
वायरी अदलाबदल केल्या.
पान चिकटलं, बाकी तीनसकट.

तेवढ्यात उस्ताद आले.
डिझेलजवळ चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला
आता टिक ऐकू येत नाही.
त्यांनी रिलेवर बोटाचं टोक ठेवलं,
वैदू नाडीवर ठेवतो तसं,
अन् डोळे मिटले.
इंजिन चालू. काटा चढूलाला.
एका म्हातारीनं शेंगा सोलायच्या थांबवल्या.
शपथेवर सांगते,
मला टिक ऐकू आली त्याच्या आधी
त्यांच्या भुवया हलल्या.

घुग्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं.
पंखा फिरतच राहिला.
"अवो, हे कामून चालूच हाय? बॅटरी उतरंल की!"
"उतरत नाही. आधी गरमी उतरू द्या.
रिले, स्विच, पंखा, वायर, मजुरी:
सतराशे वीस."
"वीस सोडा."
"सोडत नाही."
"मिस्तरीनं सोडले असते."
"मिस्तरी मीच."
"तसं नव्हं, ताई..."
"मंग कसं?"
असं चाललं बराच वेळ,
म्हातारीच्या निम्म्या शेंगा संपल्या,
पंखा फिरत होता, आम्ही बोलत होतो,
वीस रुपये दोघांच्या मध्ये तापलेले.

टिक.

उस्तादांचं बोट अजून तिथंच होतं.
"हो गया," ते म्हणाले, "सत्त्याऐंशी."
घुग्यांनी खिशातून आणखी एक वीसची नोट काढली,
घडी उलगडून, सरळ करून,
माझ्याच हातावर ठेवली.