निळं लाकूड

मी फक्त लाकूड पाहिलं होतं.
ओलं. आणि त्यावर निळा रंग, अजून न वाळलेला.
एवढंच.
रात्रीचे अडीच वाजले असतील, जागरणाची तिसरी रात्र,
मागे जनरेटर धापा टाकत होता.
पाळकांनी माझ्या हातात माइक दिला
आणि सगळी मंडळी माझ्या तोंडाकडे बघू लागली
जसा एल्मिनाचा किनारा परतणाऱ्या होडीकडे बघतो,
काही असेल का तिच्यात.

मग मी बोललो: परमेश्वर असं म्हणतो,
एसाबा मावशी, तुझ्या फीफीसाठी जहाज येतंय,
समुद्रापलीकडे त्याची जागा ठरलेली आहे.
आमेनचा असा गजर झाला
की छताची पाल पत्र्याआड पळाली.
एक पाल माझ्या मनातही चुकचुकली,
पण त्या गजरात कोण ऐकतो.

मला बरं वाटलं होतं. लपवत नाही.
दिवसा मी होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो,
तिथे कुणी आमेन म्हणत नाही,
मजुरी द्यायलाच पंधरा दिवस लावतात.

शनिवारी दलाल तिच्या दारात हजर.
रविवार मावळेपर्यंत शेजारणींनी फीफीला
स्पेनला पोचवून, लग्न लावून, जुळीही दिली होती.
तिच्या भावाने भट्ट्यांचा भाव काढला,
मातीच्या सहा भट्ट्या, जाळ्यांसकट.
फीफी तर चपला धुऊन बसला होता.

मंगळवारी आमच्या समुद्राला सुट्टी.
होड्या वाळूत पोट टेकून पडलेल्या.
ती आली. पानात गुंडाळलेलं केंके, दोन तारल्या,
अंगाला धुराचा वास, जो तिच्या रविवारच्या कपड्यांचाही जात नाही.
उलट्या बादलीवर बसली.
शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं.
म्हणाली, क्वामेना,
पाहिलंस काय?
आणि जोडलंस काय?

मी पाना पुसत राहिलो, पुसलेलाच.

ती म्हणाली, ताजी दिसते म्हणून मासळी कुणी साठवत नाही.
मंद आच लागते. सोडणांचा धूर.
एक कूस, मग दुसरी कूस.
जी आतून ओली राहते
ती चौथ्या दिवशी स्वतःच बोलते, नाकाशी.
तुझा शब्दही मी जाळीवर ठेवलाय.
देवाचा असेल तर धुराने मरायचा नाही.

तेव्हा सांगितलं. लाकूड. ओलं. निळं.
जहाज?
जहाज माझं.
आणि पलीकडे?
पलीकडे माझा भाऊ गेलाय, मावशी.
वाळवंटातून एकदा फोन आला होता.
त्याला आठ वर्षं झाली.

ती काही बोलली नाही. तारलीचा काटा काढून
मासळी माझ्यापुढे सरकवली.
बऱ्याच वेळाने म्हणाली, म्हणजे लाकूड उरलं.
आणि कापडाच्या टोकाला गाठ मारली,
जशी सुट्या सेडींना मारते.
भट्ट्या विकल्या नाहीत. गाठही सोडली नाही.
जाताना एवढंच: माइकवर बोललास ना,
आता माइकवरच सांग.

शुक्रवारी सांगितलं. चार वाक्यं.
आमेन एकही नाही.
पाल जागची हलली नाही.
पाळक माझ्याशी महिनाभर हवामानाबद्दलच बोलले.

परवा, म्हणजे दोन वर्षांनी,
इंजिन बसवायला एका नव्या होडीपाशी गेलो,
तोल सावरायला काठावर हात टेकला
आणि तळवा चिकटला.
नाळेपाशी फीफी उकिडवा बसलेला,
जीभ दातांत धरून, ब्रशने अक्षरं काढत होता,
उस्तादाने पहिल्यांदाच एकट्यावर सोडलेली होडी.

तोंड उघडलं होतं मी.
हेच ते, मी म्हणालो होतो ना,
इथवर जिभेवर आलेलं.
मिटलं.

संध्याकाळी भट्टीपाशी तिला हात दाखवला फक्त.
तिने बोट न बोट पाहिलं,
टोकाची गाठ चाचपली, तशीच ठेवली,
आणि कोपऱ्यातली बाटली माझ्याकडे ढकलली.
रॉकेल घे, म्हणाली,
वाळला की निघत नाही.