वाव

पहिला नकाशा रद्दीतून आला.
मंगळवार बाजारात गफूर शाब्दी म्हणाला,
"नक्षा आहे, तुझ्या कामाचा."
आमच्यात नक्षा म्हणजे चादरीवरचं डिझाइन:
चौकटींचा कागद, मग पुठ्ठ्याला भोकं,
भोकांतून सुया, सुयांतून मोर.
छत्तीस वर्षं मी मोरांसाठी भोकं पाडली.

उलगडून बघतो तर मोर नाही.
एक तट, बुरूज मोजून एकोणीस,
दर्यादरवाजा, आणि दरवाजाबाहेर
आकडेच आकडे, मुंग्या लागल्यासारखे.
चार. साडेपाच. नऊ. मग एकदम बावीस.
मला वाटलं, कुणी ताणे मोजलेत.

पाण्याची खोली होती ती,
वावांत.
वाव म्हणजे दोन्ही हात पसरून
या बोटापासून त्या बोटापर्यंत.
कुणी खलाशी शिशाचा गोळा सोडून
भिजलेला दोर असा हातांवर मोजत
परक्या बंदराला
पुन्हापुन्हा कवेत घेत गेला होता.

मग लागलंच ते.
एका वर्षीचा बोनस मस्कतला गेला.
दीव हप्त्यांत आलं.
गॉल स्वस्तात, कोपरा कसरीने खाल्लेला.
एकाचं नावच फाटलंय; त्या गावाला
मी अजून हाक मारू शकत नाही.
सतरा झाले. सगळे तटबंदीचे.
उघडा किनारा फुकट दिला तरी नको.
का, ते सांगता येत नाही.
गावाभोवती भिंत, आणि भिंतीला
पाण्याकडे एक दार. एवढं मला पुरतं.
तसा आमचाही किल्ला आहे. तट, खंदक,
कडेला सिद्धेश्वराचं तळं.
जहाज तेवढं आलं नाही.

"समुद्र बघितलाय का एकदा तरी?" भूदेवी विचारते.
नाही.
"आणि घरात आता वाव नाही," म्हणते,
मी हसतो, तिला कळत नाही का.
एप्रिलात पत्रा तडतडतो,
पण कागद कोरडे राहतात, बुरशी धरत नाही.
या उन्हाचं एवढं एकच देणं.

तटाच्या आत गल्ल्या आहेत, देऊळ, विहीर.
तटाबाहेर, जमिनीकडे, काही नाही. कोरं.
ज्याला पुढे जायचंच नव्हतं
त्याने जमीन कशाला मोजावी?
एकदा चौलचा नकाशा फरशीवर पसरून
आग्नेयेला दोरी धरत गेलो, प्रमाणात:
सोलापूर कागदाबाहेर, उंबऱ्याबाहेर,
दोन खोल्या ओलांडून
मागच्या हौदापाशी येतं.

नळ आला पाचव्या दिवशी, रात्री दोन चाळीसला.
भूदेवी पदर खोचून हौदावर वाकली,
बाही सारून हात आत घातला,
तळाला बोटं टेकवली,
आणि अंधारातून ओरडली,
"एक हात, चार बोटं!"

हौदाच्या भिंतीवर मी ते पेन्सिलीने लिहिलं,
बारीक, तिरकं,
त्या लोकांच्या वळणाने.
खाली वेळ.

कंदिलासारखा मोबाईल धरून ती वाचत राहिली.
मग म्हणाली, "आणि पुढची भरती?"
मी कॅलेंडर बघितलं.
शनिवार लिहिला.
पुढे प्रश्नचिन्ह.