तिसऱ्यांदा

तार्तूत डिसेंबरात तीनलाच दिवा लावावा लागतो.
दिवा लावते आणि दुसऱ्यांची वाक्यं कापायला बसते:
एका वेळी दोन ओळी, ओळीत चाळीस अक्षरं,
सहा सेकंदांवर मुक्काम नाही.
एकोणीस वर्षं पडद्याच्या तळाशी राहते मी,
तळमजल्यावरच्या भाडेकरूसारखी.
वर कोण नाचतं, कोण कुणाचा गळा धरतं,
सगळं ऐकू येतं,
बोलायची सोय नाही.

या खेपेला आली ती किल्ली.
पितळेची, मुलीच्या गळ्यात, काळ्या दोऱ्यात.
फिरवली की अकरा मिनिटं मागे.
अकराच का? घडवली कुणी? हिच्याच गळ्यात कशी?
असू दे, म्हटलं. कथेला पहिली थाप माफ असते,
पाहुण्याचा पहिला चहा कुणी हिशेबात धरत नाही.

बाविसाव्या मिनिटाला ती किल्ली फिरवते: सांडलेलं दूध वाचतं.
छप्पन्नाव्याला फिरवते: चुकलेली बस मिळते.
आणि शहाण्णवाव्या मिनिटाला
धाकटा भाऊ घंटाघरावरून पडतो
आणि ही बया बर्फात गुडघे टेकून
आभाळाकडे बघत हंबरडा फोडते.
गळ्यात किल्ली!
कॅमेऱ्यालाही दिसते, चमकते मेली!
दुधासाठी गेलीस ना गं मागे?
बससाठी?

मी तो तुकडा सात वेळा मागे नेला.
मला जाता येतं मागे, हवं तितकं,
फक्त काही बदलत नाही.
मग वितरकाच्या इंद्रेकला फोन.
तो काहीतरी खात होता.
"हेल्वे, जादू आहे ती. जादूला कसला हिशेब?"
मी म्हटलं, सेतोमातली माझी मावशी
शब्द पुटपुटून चामखीळ घालवायची,
तिलासुद्धा नियम होते:
चंद्र उतरणीला हवा, पोट रिकामं हवं,
आणि पैसे घ्यायचे नाहीत.
"लोकांच्या लक्षात येत नाही," इंद्रेक म्हणाला
आणि घास गिळला.

त्या रात्री एमायोगी काठाकाठानं गोठत होती.
शहाण्णवावं मिनिट.
मुलगी किल्ली मुठीत धरते आणि नुसता उसासा टाकते.
दोन सेकंद. खालची जागा रिकामी.
मी लिहिलं:

किल्ली तिसऱ्यांदा फिरत नाही.

एकोणीस वर्षांतली पहिली चोरी,
तीही उलटी. काही उचललं नाही,
ठेवून आले.

विल्यांदीच्या थेटरात जाऊन बसले,
मागच्या रांगेत, कोट न काढता.
सतरा माणसं. पुढे एक मुलगा, नऊएक वर्षांचा,
वडिलांच्या लोकरी टोपीत पॉपकॉर्न ओतून घेतलेला.
उसासा आला. माझी ओळ आली, गेली.
मुलगा मोठ्यानंच म्हणाला,
"म्हणजे आता खरंच मेला?"
वडील काही बोलले नाहीत.
टोपीतला हात टोपीतच राहिला.

बाकीच्या देशांत तो अजून नीट मेलेला नाही.
तिथे लोक चिडतात, "फिरव ना गं!" म्हणतात,
शिव्या घालत घरी जातात,
आणि तेवढ्या चिडण्यावर तो पोरगा
जमिनीपासून हातभर वर
लटकून राहतो.
आमच्याकडे पोचला खाली.
भोक बुजवलं मी. टाका दिसू दिला नाही.
त्याला परत यायला
तेवढीच वाट होती, हे
कोट घालून बसलेल्या मला
तेव्हा कळलं.

बाहेर, पार्किंगमध्ये,
मुलानं वडिलांकडून गाडीची किल्ली मागून घेतली.
दारात घालून एकदा फिरवली. उघडलं.
पुन्हा फिरवली. लागलं.
मग थोडा वेळ तसाच उभा राहिला
थंडीत, उघड्या डोक्यानं,
आणि किल्ली वडिलांच्या हातात दिली.