रिकामी नाव

वालपराइसोत आमच्या टेकडीची केबलगाडी
मार्चपासून बंद आहे.
दारावर पाटी: दुरुस्ती चालू.
दुरुस्ती करणारा माणूस
अजून कुणाच्या नजरेस पडलेला नाही.

म्हणजे पायऱ्या.
किती, ते एलॉयला विचारू नये.
तो एकोणतीसनंतर वीस-दहा म्हणतो,
मग वीस-अकरा, वीस-बारा,
आणि तसाच घरापर्यंत पोचतो.

आज मात्र पोचला नाही.
निळ्या घराच्या पायरीवर आडवा झाला,
कारण केळं मी सोललं.
त्याला सोलायचं होतं.
साल परत लाव, म्हणाला.

साल परत लागत नाही
हे मी त्याला तीनदा सांगितलं.
पहिल्यांदा गुडघ्यांवर बसून, पुस्तकात लिहिल्यासारखं.
दुसऱ्यांदा दात आवळून.
तिसऱ्यांदा असं, की पोटाशी बांधलेली रायेन दचकून उठली
आणि तिचा दुखरा कान तिला पुन्हा आठवला.

खाली बंदरात, तिसऱ्या क्रेनच्या काचेच्या खोलीत
माझा नवरा बसलाय.
वीस टनांचा डबा तो एका बोटानं उचलतो,
जहाजावर अलगद ठेवतो.
संध्याकाळी विचारतो, तू एवढी का दमतेस?
प्रेमानंच विचारतो.
म्हणून तर उत्तर सुचत नाही.

शाळेत एक कोडं घालायचे.
लांडगा, शेळी आणि कोबी.
नाव लहान, एका खेपेला एकच.
लांडग्याला शेळीजवळ सोडायचं नाही,
शेळीला कोबीजवळ सोडायचं नाही.
मला ते चटकन यायचं. हात सगळ्यांत आधी वर.

आता रोज तेच.
पोरगी आणि पोरगा, डायपरचा गठ्ठा, बटाटे,
आणि कोबीसुद्धा, खरोखरचा.
फक्त लांडगा कोण, ते दर तासाला बदलतं.
मघाशी मीच होते.

पिशवी पायरीवर ठेवली.
तिथल्या पिवळ्या कुत्र्याला म्हटलं, बघ रे बाबा.
एक पोटावर, एक पाठीवर,
पाठीवरचा अजून केळ्यासाठी रडतोय,
नाक माझ्या केसांना पुसतोय.
ओर्मिल्दाबाईंचं दार उघडंच होतं.
त्यांनी काही विचारलं नाही.
रायेनला मांडीवर घेतलं, एलॉयला मोरीपाशी उभं केलं,
हातात चमचा दिला, नळ बारीक सोडला.
जा, म्हणाल्या, घेऊन ये तुझा कोबी.

कोड्यात एक गोष्ट कुणीच विचारत नाही.
शेळी पलीकडे पोचवून
नावाडी रिकामी नाव घेऊन परत निघतो तेव्हा
मधल्या पाण्यात काय करतो?

मी सांगते.
वल्हं हळू मारतो.

मेची थंडी, समुद्रावरून चढत आलेलं धुकं.
हात रिकामे. इतके रिकामे
की कुठे ठेवावेत कळेना.
पिशवीशेजारी बसले.
कुत्र्यानं बटाट्यांना तोंड लावलं नव्हतं.
कोटाच्या खिशात ते केळं सापडलं,
काळं पडलेलं, अस्तराचा धागा चिकटलेलं.
खाल्लं.
दुपारी जेवले नव्हते हे तेव्हा लक्षात आलं.

वरून रडणं ऐकू आलं.
कोणाचं ते मला ओळखता येतं, आणि कशाचंही.
हे पडल्याचं नव्हतं, कानाचंही नव्हतं.
नळ बंद केल्याचं होतं.

आई असती तर उठली असती.
आई होतेच मी,
तरी आणखी एक घास खाल्ला.
धुक्यात भोंगा वाजला. एक जहाज भरून निघालं असावं.

मग उठले. कोबी काखेत,
कुत्रा दोन पायऱ्या मागे.
गुडघे दुखू लागले की मीही मोजते,
मोठ्यानं, कुणी नसताना:
वीस-नऊ,
वीस-दहा,
वीस-अकरा.