कोरी मोहोर

कतीफ. तळमजला. एसी अठरावर,
कागद माणसांपेक्षा लाडात वाढतो इथे.
समोर एक वही: मजलिसीचे ठराव,
तुर्कांचा अंमल, हिजरी बाराशे त्र्याण्णव.
कसरीनं कडेकडेनं नवाच किनारा कोरलाय.

मला ही लिपी वाचता येत नाही,
तसं करारातच लिहून दिलंय.
मी कागदाची. धूळ, खळ, जपानी टिश्यू.
पण पुण्यात नऊ वर्षं रुमाल सोडले-बांधलेत,
मोडीचा हात जाणते:
लेखणी न उचलता धावणारा कारकून
कुठल्याही राज्यात सारखाच कंटाळलेला असतो.

फौझिया मोठ्यानं वाचते,
दफ्तर. हुकूम. तारीख.
महसूल. बाकी.
हाजिर.
मी मान वर करते.
ही तर आमच्या तलाठ्याची बोली.
"आमचे एवढे शब्द तुमच्याकडे कसे?"
ती चष्म्यावरून बघते:
"प्रश्न उलटा धर."

खाली मोहोरा.
आमच्याकडे आंब्यालाही मोहोर येतो, मी सांगते.
खजुराला नुसता हिशेब येतो, ती म्हणते.

सहा सभासद.
काजी शेख मन्सूर, एकाच ठरावावर दोनदा दाबणारे.
हाजी अब्दुन्नबी, मोत्यांचे व्यापारी,
बोटी समुद्रात गेल्या की पार भाद्रपदापर्यंत गैरहजर.
सलमान एफेंदी, ज्यांची शाई कधीच फिकी नाही.
आणखी दोघे, नावांवर बुरशी.
आणि हबीब बिन जुम्आ, बागाईतदार,
चौदा ठराव,
चौदाही वेळा मोहोर उलटी.

अक्षरओळख नसावी, फौझिया म्हणते.
मला चंपूआत्या आठवते, राखीव जागेवरची सदस्य.
ठरावाची वही घरी यायची.
चहा उकळेपर्यंत अंगठा उमटायचा.
कशावर, ते चहा पिणाऱ्याला ठाऊक.

पंधरावा ठराव पाण्याचा.
ऐन-अस्-सिद्र, रात्रीचे दोन प्रहर,
यापुढे छावणीच्या बागेला.
एकमताने.
एकमत म्हणजे पाच मोहोरा.
(अब्दुन्नबीसुद्धा त्या दिवशी समुद्र सोडून आलेले.)
सहावी जागा मोकळी.
यादीत मात्र हबीब: हाजिर.

मी दिवा आडवा धरते.
तिरप्या उजेडात कागद पोटातलं बोलतो:
एक गोल. खोल.
पितळ जोरानं दाबल्याचा.
शाईचा थेंब नाही.

आता, शाई वाळली असेल.
आखातातला जून, दौत तासाभरात तळ दाखवते.
किंवा एफेंदींनी घाईनं पान ओढलं असेल.
किंवा.
अंदाज बांधणं माझ्या करारात नाही.
ती खूण सुलटी आहे का, तेवढं बघितलं.
दोनदा बघितलं, दिसेना.
तिसऱ्यांदा मुद्दाम नाही बघितलं.

दुपारी फौझियानं झरा दाखवला.
गाड्या लावायची जागा आहे. पांढरे पट्टे, आकडे.
कोपऱ्यात सिद्राचं झाड,
सिद्र म्हणजे आपली बोरच निघाली, जवळपास.
खाली बोरं पडलेली, कुणी वेचत नव्हतं.
मी दोन उचलली. तुरट.
खिशात बी राहिली, ती अजून आहे.

अहवालात रकाना: मोहोरांची संख्या.
साहेबांना आकडा लागतो.
पाच लिहिलं.
खोडलं.
सहा. शेरा: एक कोरी.

भाषांतर करताना फौझिया अडली.
कोरी म्हणजे रिकामी?
की न वापरलेली? की स्वच्छ?
मी म्हटलं, घडी न मोडलेल्या साडीला म्हणतो.
अजून कशाला?
चहाला. दूध नसलेल्या.

तिनं पेनाचं टोपण लावलं,
आणि किटली ठेवायला उठली.